आमची ईद उद्या, तुमची आज

रोजा सोडायला पाच-सात मिनिटं उरली की आमच्या घरातला फोन वाजतो. व्हिडिओ कॉल असतो. शारजाहून धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची दोन मुलं पडद्यावर दाटीवाटीनं बसलेली असतात. इकडे मशिदीतून अजान येते, आम्ही खजूर तोंडात टाकतो, आणि तिकडून चार जण आमच्याकडे बघत राहतात. त्यांचा रोजा सुटायला अजून साधारण सव्वा तास असतो. चार वर्षांच्या पुतण्याला रोजा नसतोच, तरी तो रोज तेच विचारतो, ‘‘दादी, आज काय केलंय?’’

अम्मी ताट फोनपुढे धरते. घावन, भजी, फणसाचे तळलेले गरे, कलिंगडाच्या फोडी. मग ताटातला एक खजूर उचलून बशीत बाजूला ठेवते. सव्वा तासानं पुन्हा फोन येतो, तेव्हा तो खाते. आधी आम्ही हसलो. ती म्हणाली, ‘‘माझा रोजा माझ्या वेळेवर सुटतो. हा त्यांच्या वेळेचा.’’

मागच्या मे महिन्यात भाऊ बायकोमुलांना घेऊन गेला. त्याआधी नऊ वर्षं तो तिकडे एकटाच होता. नवी नोकरी लागली, पगार वाढला, कुटुंबाचा व्हिसा मिळण्याची सोय झाली. त्यामुळे हा आमचा पहिला रमजान, ज्यात फोनच्या पडद्यावर एकाऐवजी चार माणसं आहेत आणि आमच्या दस्तरख्वानवर तीन कमी. याच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. कारण चिपळूण, खेड, दापोली, महाड, श्रीवर्धन या पट्ट्यात असं घर शोधावं लागत नाही. आणि आता हा प्रश्न फक्त आमच्या मोहल्ल्यांचाही राहिलेला नाही. शेजारच्या काकूंचा पुतण्या सिंगापूरला आहे आणि आळीतल्या आणखी एका मुलाचं कॅनडाला जायचं चाललंय. ‘कुटुंब न्यायचं की नाही’ ही चर्चा आता सगळ्याच ओट्यांवर होते.

चौदा वर्षांत चौदा महिने

कोकणाला घर सोडणं नवं नाही. आमचे आजोबा मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर खलाशी होते. त्यांच्या पिढीतले कुणी मोंबासाला उतरले, कुणी केपटाउनला, आणि तिथेच राहिले. त्यांच्या नातवंडांची घरं आजही तिथे आहेत. त्याच काळात शेजारच्या काकूंचे सासरे गिरणगावात मागावर उभे होते. तुमचा चाकरमानी परळ-लालबागला, आमचा बोटीवर, एवढाच फरक. दोघांच्याही मनीऑर्डरची वाट एकच पोस्टमन संपवायचा. तुमचा गणपतीला यायचा, आमचा ईदला. जमलं तर.

1973 नंतर तेलाचे भाव चढले आणि आखातात बांधकामं सुरू झाली. त्याच्याआधीही तो मुलूख आपल्याला परका नव्हता. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या, आणि 1966 पर्यंत दुबई-कतारच्या बाजारात रुपया चालत होता. ही गोष्ट आजच्या मुलांना सांगितली तर त्यांना खोटी वाटते.

बाबा 1976 साली मुंबईच्या बंदरातून ‘द्वारका’ नावाच्या बोटीनं निघाले आणि बंदरं घेत घेत कुवेतला पोहोचले. तिथे ते एका गॅरेजमध्ये वाहनांचं वायरिंग करायचे. करार दोन वर्षांचा, मग दोन महिन्यांची रजा. 1990 पर्यंत ते तिथे होते. मोठा झाल्यावर मी एकदा हिशेब केला. चौदा वर्षांत सात रजा, म्हणजे चौदा महिने. माझ्या लहानपणात माझे वडील एकूण चौदा महिने होते.

बाकीचा वेळ ते कॅसेटमध्ये होते. पत्रापेक्षा ते बरं पडायचं. गावी येणाऱ्या माणसाबरोबर भरलेली कॅसेट यायची. आम्ही टेपरेकॉर्डरभोवती बसायचो. बाबा एकेकाचं नाव घेऊन बोलायचे, मध्येच खोकायचे, मागे कुणीतरी भांडी घासत असल्याचा आवाज यायचा. त्यांचं ऐकून झालं की तीच कॅसेट उलटी करून आम्ही आमचं भरायचो. मला काय बोलावं सुचायचं नाही, म्हणून मी पाढे म्हणायचो.

2 ऑगस्ट 1990 ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. कित्येक आठवडे बाबांची खबर नव्हती. मग बसरा, बगदाद असं करत बसनं ते जॉर्डनच्या अम्मानला पोहोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानानं मुंबईला. त्या दोन-अडीच महिन्यांत पावणेदोन लाखांच्या घरात भारतीयांना असंच परत आणलं गेलं. बाबा आले ते एका बॅगेनिशी. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या भरपाईतून काही रक्कम मिळाली, पण गॅरेजकडे राहिलेला पगार बुडाला तो बुडालाच. त्यानंतर ते कुठे गेले नाहीत. गावातच छोटं दुकान टाकलं. गंमत अशी की घरात कायमचे आलेले वडील आम्हाला सुरुवातीला अडचणच वाटायचे. ते दुकानातून परतले की आम्ही भावंडं आवाज कमी करायचो.

आडनावं, शिक्के आणि खसखस

भावाच्या बाबतीत हेच पुन्हा होत होतं. नऊ वर्षं त्यानं दुबईत एका खोलीत सहा जणांबरोबर काढली. वर्षाला तीस दिवस रजा. माझी पुतणी तीन वर्षांची असताना त्याला ‘मोबाइलवाले पप्पा’ म्हणायची, कारण तिचे चाचे-मामे घरात चालत यायचे आणि पप्पा फक्त मोबाइलमधून. आम्ही ते सगळ्यांना कौतुकानं सांगायचो. भाऊ मात्र हसायचा नाही.

नवी नोकरी ठरली तशी कागदांची धावपळ सुरू झाली. ज्यांच्या घरी हे पुढेमागे होणार आहे त्यांच्यासाठी थोडं तपशिलात सांगतो.

संयुक्त अरब अमिरातीत कुटुंब न्यायचं तर पगाराची अट असते: महिना चार हजार दिरहम, किंवा तीन हजार आणि राहायची जागा. ही अट पुरी होणं म्हणजे संसार चालणं नव्हे, ते पुढे सांगतो. लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला लागतो, आणि नुसता दाखला चालत नाही. आधी मुंबईत मंत्रालयाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग त्या देशाच्या वकिलातीचा, आणि तिकडे पोहोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. आमच्याकडे निकाहनामा होता, उर्दूत, काझींच्या सहीचा. तो घरात चालतो, मंत्रालयात नाही. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याप्रमाणे विवाह नोंदणी करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते लग्नानंतर अकरा वर्षांनी केलं. त्यात भावजयीच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव, मुलीच्या जन्मदाखल्यावर सासरचं, आणि निकाहनाम्यात आडनावच नाही. या तीन कागदांतली बाई एकच आहे हे सिद्ध करण्यात पावणेदोन महिने गेले. लग्न हिंदू पद्धतीनं झालेलं असो की मुस्लिम, नोंदणी लग्नाच्याच वर्षी करून टाका आणि सगळीकडे नाव एकाच स्पेलिंगनं ठेवा. एवढं एक केलं तरी पुढचा अर्धा ताप वाचतो.

मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही शिक्षणाधिकाऱ्यांची सही आणि पुढचे शिक्के लागले. एका एजंटनं ‘आठ दिवसांत सगळं करून देतो’ म्हणून पैसे घेतले आणि महिनाभर फोन उचलला नाही. शेवटी भावजय स्वतःच दोनदा मुंबईला जाऊन आली.

निघायच्या आदल्या रात्री बॅगा भरताना वेगळंच नाट्य झालं. अम्मीनं वर्षाचा मसाला करून बरण्या भरून ठेवल्या होत्या. भावानं फोनवरून विचारलं, ‘‘अम्मी, त्यात खसखस आहे का?’’ होती. खसखशीशिवाय अम्मीचा मसाला होत नाही. पण अमिरातीत खसखशीला बंदी आहे. अफूच्या बोंडातलं बी म्हणून ती अमली पदार्थांत धरतात, आणि अजाणतेपणी नेलेल्या पुडीपायी माणसं अडकल्याचे प्रकार झाले आहेत. खोकल्याची आणि दुखण्यावरची काही औषधंही तिथे आधी परवानगी घेतल्याशिवाय चालत नाहीत. बरण्या परत फडताळात गेल्या. रात्री अकरा वाजता शेजारच्या काकू त्यांच्या घरातला बिनखसखशीचा मसाला आणि कोकमाच्या आगळाची बाटली घेऊन आल्या. भावजयीच्या शारजातल्या स्वयंपाकघरात आज जो मसाला आहे, तो काकूंच्या हातचा आहे.

‘तुम्ही तुमच्या घरी कधी जाणार?’

आता तिकडचं. भाऊ नोकरी दुबईत करतो आणि राहतो शारजात, कारण भाडं कमी. असं करणारे हजारो आहेत, म्हणून सकाळी दुबईकडे आणि संध्याकाळी शारजाकडे जाणारा रस्ता गाड्यांनी भरलेला असतो. तो सकाळी सहाला निघतो, रात्री आठला घरी येतो. शारजातल्या शाळांना 2022 पासून शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते. त्याच्या कंपनीला शनिवार-रविवार. म्हणजे शुक्रवारी मुलं घरात आणि बाप कामावर.

पगार इकडून ऐकला की डोळे दिपतात. नऊ हजार दिरहम. रुपयांत मोजले तर दोन लाखांच्या वर. पण तिथे राहणाऱ्यानं रुपयात गुणाकार करायचा नसतो, हे भावजय दुसऱ्याच महिन्यात शिकली. घरभाडं वर्षाचं ठरतं आणि त्याचे पुढच्या तारखांचे धनादेश आधीच द्यावे लागतात. यांनी चार दिले. त्यावर अनामत, दलाली, वीज-पाण्याची ठेव. शाळेची फी, बसची वेगळी, गणवेश त्यांच्याच दुकानातून. व्हिसा दुबईचा असेल तर नोकराचा आरोग्य विमा कंपनी काढते, बायकोमुलांचा मात्र ज्याचा त्यानं काढायचा. हे सगळं जाऊन महिन्याला उरतं ते भाऊ एकटा असताना उरायचं त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी. पगार वाढला आणि घरी येणारे पैसे घटले. ज्या घराचा वरचा मजला अर्धा बांधून राहिलाय, तो आता अर्धाच राहणार.

हे बोलायची आपल्याकडे लाज वाटते. आखातात असलेल्या माणसानं दिलं पाहिजे, असा एक अलिखित नियम आहे. मशिदीचं बांधकाम, बहिणीच्या मुलीचं लग्न, कुणाचं ऑपरेशन, क्रिकेटची स्पर्धा. कुटुंब घेऊन गेलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणावं लागतं, आणि गावात लगेच बोललं जातं, ‘बायको तिकडे नेल्यापासून बदलला.’ बदलला तो नाही, त्याचा खर्च बदलला. पण खापर फुटतं ते बाईच्या डोक्यावर.

त्या बाईचं काय झालं, ते कुणी विचारत नाही. माझी भावजय इथे एका खाजगी शाळेत शिकवत होती. बी. एड. झालेली. ती नोकरी सोडून गेली. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बाईला तिथे काम करता येतं, पण कामाचा परवाना ठेवणाऱ्यानं काढून द्यावा लागतो, आणि आधी तशी नोकरी मिळावी लागते. पहिले तीन महिने ती सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये होती. बाहेर जून-जुलैचं ऊन. ती मला फोनवर म्हणाली, ‘‘भाईजान, आपल्याकडे दिवसभर दार उघडं असतं, त्याचा मला राग यायचा. कुणीही येतं, कुणीही बसतं. आता दाराचा आवाज झाला तर मी धावत जाते, आणि तो शेजारच्या दाराचा असतो.’’

आणि मुलं. पुतण्या बापाला फक्त रजेवर आलेला माणूस म्हणून ओळखत होता. दोन महिने झाले तरी बाप रोज घरात दिसतोय हे बघून त्यानं एका रात्री जेवताना विचारलं, ‘‘तुम्ही तुमच्या घरी कधी जाणार?’’ भावानं हे मला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मी त्याला म्हणालो, मला विचारायची हिंमत झाली नाही, त्यानं विचारलं, एवढाच फरक. माझ्या वेळी बाबा चाळीस दिवस घरात राहिले की मी कॅलेंडर बघायचो.

आता, दहा महिन्यांनंतर, तोच पोरगा बापाच्या गाडीचा आवाज सात मजले वरून ओळखतो म्हणे. खरं असेल असं वाटत नाही, पण त्याला तसं वाटतं, हे महत्त्वाचं.

पुतणी इथे पाचवी पूर्ण करून गेली. तिकडे सीबीएसई, आणि अरबी सक्तीची. तिच्या शाळेत मराठी नाही. हिंदी आहे, मल्याळम आहे, फ्रेंच आहे. तिची जिवाची मैत्रीण म्हणजे शेजारच्या काकूंची नात. दोघी पहिलीपासून एका बाकावर. जाताना ठरलं होतं की एकमेकींना मराठीत पत्रं लिहायची. पहिली दोन पत्रं आली. मग मेसेज आले, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. मी आता तिला ‘किशोर’चे अंक पाठवतो. वाचते की नाही, माहीत नाही. पण परवा तिनं मैत्रिणीला फोनवर विचारलं, ‘‘आपल्या वर्गात मी बसायचे तिथे कोण बसतं?’’ मैत्रिणीनं सांगितलं, ‘‘कुणी नाही, दप्तर ठेवते.’’

मागे कोण राहतं

आता खरं अवघड. अम्मी एकाहत्तर वर्षांची आहे. मी तिच्याजवळ आहे, त्यामुळे आमचं घर नशीबवान. पण आमच्या गावात अशी सहा घरं मी बोटांवर मोजू शकतो, जिथे दुमजली बंगला आहे, संगमरवरी फरशी आहे, आणि आत एक म्हातारी किंवा दोघं म्हातारे. मुलगा एकटा परदेशी असताना निदान सून आणि नातवंडं घरात असायची. कुटुंब एकत्र येतं ते तिकडे. इकडचं तुटतं.

2021 चा पूर चिपळूणकर विसरणार नाहीत. मंगळवारी आषाढी एकादशी झाली, बुधवारी बकरी ईद, आणि गुरुवारी, 22 जुलैला, पहाटे पाणी शिरलं. मी परीक्षेच्या कामासाठी रत्नागिरीला अडकलो होतो. घरात अम्मी, माझी पत्नी, भावजय आणि मुलं. शेजारच्या काकूंचं घर बैठं. त्यांचं सगळं कुटुंब आमच्या माडीवर आलं. बारा माणसं, एक स्टोव्ह, आणि ईदच्या आदल्या दिवशी भरून ठेवलेला तांदूळ. मोबाइल बंद, वीज बंद. भाऊ तिकडे दुबईत बातम्यांमध्ये बसस्थानकावरून वाहणारं पाणी बघत होता आणि इकडे एकही फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी रात्री काकूंच्या मुलाच्या फोनला कुठूनतरी रेंज आली आणि त्यानं पहिला फोन माझ्या भावाला केला: ‘‘सगळे बरे आहेत. भाभी जेवल्या.’’ भाभी म्हणजे अम्मी.

कुटुंब न्यायचा निर्णय भावानं त्या रात्री घेतला. आणि जाऊ नये असं त्याला वाटायला लागलं, तेही त्याच रात्रीमुळे. बायकोमुलं तिथे असती तर सुरक्षित होती. पण मग माडीवर अम्मीबरोबर कोण असतं? चार वर्षं तो या दोन टोकांमध्ये झुलत राहिला. नवी नोकरी आली तरी ‘बघू’ म्हणत होता.

तिढा अम्मीनं सोडवला. एका संध्याकाळी तिनं आम्हा सगळ्यांना बसवलं, भावाला फोनवर घेतलं, आणि जे आम्ही कधी ऐकलं नव्हतं ते सांगितलं. 1982 मध्ये बाबांनी कुवेतला तिच्यासाठी आणि आमच्यासाठी कुटुंबाच्या व्हिसाची तजवीज केली होती. आजी-आजोबा म्हणाले, सून गेली तर आम्हाला कोण? बाबांनी कागद परत पाठवले. अम्मी म्हणाली, ‘‘मी राहिले त्याचं मला दुःख नाही. त्या दोघांचं शेवटपर्यंत माझ्या हातून झालं, ते चांगलंच झालं. पण मला कुणी विचारलं नाही. राहू का म्हणून नाही, जाऊ का म्हणूनही नाही. तुझ्या बाबांनीसुद्धा नाही. ते मला कॅसेटमधून कळलं, सगळ्यांच्या समोर, टेप चालू असताना.’’

मग ती भावजयीकडे वळली. ‘‘पोरी, तुला जायचंय का? त्याला काय वाटतं ते नको सांगू. मला काय वाटेल तेही नको.’’

भावजय रडली. म्हणाली, ‘‘अम्मी, मला भीती वाटते, पण जायचंय.’’

‘‘मग जा,’’ अम्मी म्हणाली. ‘‘आणि करमलं नाही तर परत ये. परत येण्यात कमीपणा नाही. तुझे सासरे एका बॅगेनिशी आले होते, त्यांचं काही अडलं नाही.’’

विचारून जावं

या सगळ्यातून मला जे कळलं ते एवढंच. परदेशी कुटुंब न्यायचा निर्णय बहुतेक घरांत एक माणूस घेतो आणि बाकीच्यांना कळवतो. पूर्वी कॅसेटमधून, आता व्हॉट्सअ‍ॅपवर. पगार किती, भाडं किती, फी किती हा हिशेब सगळे मांडतात, तो मांडायलाच हवा. पण ज्या बाईची नोकरी सुटणार, ज्या मुलीचा बाक सुटणार, ज्या आईचं घर रिकामं होणार, त्यांना समोर बसवून विचारणं हा हिशेबाचाच भाग आहे. उत्तर काहीही येवो. विचारलेल्या माणसाला पुढचं सोसणं थोडं सोपं जातं. ज्याला विचारलंच नाही, तो चाळीस वर्षांनी सांगतो.

आणखी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी, आमच्या अनुभवातून. आधी कर्त्यानं जाऊन तीन-चार महिने नोकरीची घडी बघावी, मग कुटुंब न्यावं. मुलांचं वर्ष इथे पूर्ण होऊ द्यावं. तिकडच्या भारतीय शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, म्हणून प्रवेशाची चौकशी खूप आधी करावी. नोकरी गेली तर कुटुंबाचा व्हिसाही त्याच्याबरोबर जातो, म्हणून सहा महिन्यांचा खर्च आणि परतीची तिकिटं एवढी रक्कम हात न लावता वेगळी ठेवावी. नोकरी संपल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला एकवीस दिवसांचा आणि पुढे तीस दिवसांचा. म्हणून करारपत्रात मूळ पगाराचा आकडा किती आहे ते बघून सही करावी. ज्यांचं शिक्षण दहावीपेक्षा कमी आहे त्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतं; त्यांना आखातात नोकरीला जाताना सरकारी मंजुरी लागते, आणि एजंट नोंदणीकृत आहे का ते ई-मायग्रेटच्या पोर्टलवर तपासता येतं. भेटीच्या व्हिसावर पाठवून ‘तिथे बघू’ म्हणणाऱ्यापासून लांब राहावं.

आणि जो मागे राहणार त्याच्यासाठी एक माणूस ठरवून जावं. नातेवाइकच हवा असं नाही. आमच्याकडे माझ्या नंबरानंतर काकूंच्या मुलाचा नंबर भिंतीवर लिहिलेला आहे, मोठ्या अक्षरांत, चष्म्याशिवाय दिसेल असा.

इस्लाममध्ये मुसाफिराला सवलत आहे. प्रवासात रोजा सुटला तर तो नंतर भरून काढता येतो. जकातीच्या आठ हक्कदारांतही वाटेत अडलेल्या मुसाफिराचा वाटा आहे. लहानपणी मला वाटायचं, मुसाफिर म्हणजे उंटावरचा कुणीतरी. आता वाटतं, अर्धं कोकण त्यात बसतं.

भाऊ सांगतो, रमजानमध्ये तिथे खाजगी कंपन्यांतही कामाचे दोन तास कमी होतात, रोजा असो वा नसो, सगळ्यांना. त्यामुळे या महिन्यात तो इफ्तारला घरी असतो. नऊ वर्षं त्यानं मशिदीबाहेरच्या तंबूत अनोळखी माणसांबरोबर रोजा सोडला. ‘‘तिथलं जेवण चांगलं असायचं,’’ तो म्हणतो, ‘‘पण कुणी विचारायचं नाही, आज रोजा जड गेला का म्हणून.’’ आता भावजय विचारते. तिनं अलीकडेच इमारतीतल्या चार मुलांच्या शिकवण्या सुरू केल्यात. त्यातली दोन केरळची, एक पाकिस्तानातली आणि एक सांगलीची. सांगलीच्या मुलाची आई परवा इफ्तारला पुरणपोळ्या घेऊन आली. भावजय सांगत होती, ‘‘भाईजान, दाराचा आवाज झाला, आणि तो आमच्याच दाराचा होता.’’

ईद जवळ येते आहे. आखातात चंद्र बहुधा आपल्या एक दिवस आधी दिसतो. म्हणजे त्यांची ईद असेल तेव्हा आमचा रोजा असेल. ते नवे कपडे घालून फोन करतील, शीरखुर्म्याच्या वाट्या दाखवतील, आणि आम्ही उपाशीपोटी बघत बसू. महिनाभर त्यांनी आम्हाला खाताना बघितलं, त्याची परतफेड. अम्मी म्हणते, आम्हाला दोन ईद मिळतात, तक्रार कसली?

जुलैमध्ये तिकडच्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागते. तिकिटं काढली आहेत. पुतणीनं विचारलंय की तेव्हा पाऊस असेल का. असेल, आणि भरपूर असेल. अम्मीनं आत्ताच माणूस बोलावून माडीवरची पन्हळ दुरुस्त करून घेतली आहे, आणि काकूंच्या नातीनं वर्गातल्या बाकावरचं दप्तर अजून हलवलेलं नाही.